त्राटिका कोणी घडवली?

श्रोतेहो, आणि हे भाषण वर्गात वाचून दाखवणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनो,

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत पिंगळी लागते. गाव तुमच्या-आमच्या गावासारखेच. काळी जमीन, कापूस, ज्वारी, पार, मारुतीचे देऊळ, शाळा. अशा कोणत्याही गावात एखादी सून उलट बोलली, एखादीने नवऱ्याला पट्टीच्या पैशांचा हिशेब विचारला, की पारावरून एक शब्द ऐकू येतो: "काय त्राटिका आहे हो!" शब्द बोलणारा हसतो, ऐकणारे हसतात, आणि हिशेब तसाच राहतो.

आज मी या एका शब्दाचा माग काढणार आहे. माग थोडा लांबचा आहे. तो रामायणातून निघतो, लंडनच्या नाटकघरात जातो, तिथून पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर येतो आणि मुंबईच्या हायकोर्टाच्या दारात उभा राहतो. शेवटी आपण पुन्हा पिंगळीच्या पारावर यायचे आहे. तेव्हा थोडा धीर धरून ऐका.

रामायणातली ताटका तुम्हाला ठाऊक आहे. विश्वामित्रांच्या सांगण्यावरून रामाने वनात तिचा वध केला. मराठी माणसाच्या तोंडी हीच ताटका त्राटिका झाली, आणि पुढे राक्षसीण मागे पडून घरातल्या तोंडाळ, हट्टी बाईला हे नाव चिकटले. १८९१ साली मराठीत एक नाटक आले, त्याचे नावच होते 'त्राटिका'. लिहिणारे वासुदेव बाळकृष्ण केळकर. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवणारे विद्वान गृहस्थ. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले. गणपतराव जोशी हे त्या काळचे नामांकित नट प्रतापराव होत, आणि बळवंतराव जोग त्राटिका होत. हो, त्राटिकेचे काम पुरुषच करीत असे. नाटक फार गाजले. बायकोला वठणीवर आणणारा प्रतापराव पाहून प्रेक्षक खूष होत.

हे नाटक मूळचे आपले नव्हे. ते शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकावरून घेतलेले आहे. 'द टेमिंग ऑफ द श्रू' हे त्याचे नाव. म्हणजे, साध्या शब्दांत, कजाग बाई माणसाळवण्याची गोष्ट. शेक्सपिअरने हे नाटक १५९० नंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत लिहिले असे मानतात. त्यात काय आहे ते आधी पाहू.

इटलीतल्या पादुआ गावी एका श्रीमंताला दोन मुली असतात. धाकटी गोड बोलणारी, थोरली कॅथरिना फटकळ. थोरलीचे लग्न झाल्याशिवाय धाकटीचे करायचे नाही, असे बापाने ठरवलेले. तेवढ्यात पेट्रुचिओ नावाचा एक माणूस गावात येतो. त्याला पैसेवाली बायको हवी असते. तो हुंडा ठरवतो, मुलीच्या होकाराची वाट न पाहता लग्नाचा दिवस ठरवतो, लग्नाला चित्रविचित्र कपडे घालून येतो आणि जेवणही होऊ न देता बायकोला ओढून नेतो. नेताना सगळ्यांच्या देखत तो आपल्या मालमत्तेची यादी सांगतो. तीत घर आहे, शेत आहे, कोठार आहे, घोडा आहे, बैल आहे, आणि त्याच यादीत बायको आहे.

घरी नेल्यावर तो तिला उपाशी ठेवतो. अन्न समोर आणायचे आणि करपले आहे म्हणून फेकून द्यायचे. बिछाना नीट नाही म्हणून रात्रभर झोपू द्यायचे नाही. नवे कपडे शिंप्याकडून आणवायचे आणि नावे ठेवून परत पाठवायचे. आणि हे सारे तुझ्या प्रेमापोटीच चालले आहे असे सांगायचे. जंगली ससाणा शिकारीसाठी तयार करताना जसा उपाशी आणि जागा ठेवतात, तशीच ही रीत आहे, असे तो स्वतःच प्रेक्षकांना सांगतो. तुम्हा शेतकऱ्यांना ससाण्याचा अनुभव नसेल, पण गोऱ्ह्याला वेसण कशी घालतात आणि औताला कसे लावतात हे तुम्हाला सांगायला नको. शेवटी भर दुपारी तो सूर्याला चंद्र म्हणतो आणि तिलाही तसे म्हणायला लावतो. ती म्हणते. घरी जायचे आहे, पोटात अन्न नाही, मग सूर्य काय आणि चंद्र काय!

नाटकाच्या अखेरीस कॅथरिना एक लांबलचक भाषण करते. त्याचा मतलब असा की नवरा हा धनी, नवरा हा राजा, आणि प्रजेने राजाशी जसे वागावे तसे बायकोने नवऱ्याशी वागावे. जी ऐकत नाही ती बंडखोर, ती राजद्रोही.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा. घरातल्या भांडणात राजा, प्रजा आणि बंड हे शब्द कुठून आले? ते सहज आलेले नाहीत. त्या काळच्या इंग्लंडात घर म्हणजे छोटे राज्य, असे चर्चमध्ये शिकवत आणि कायद्यातही लिहिलेले होते. १३५१ सालच्या राजद्रोहाच्या कायद्यात असे होते की नवऱ्याने बायकोला मारले तर तो खून, पण बायकोने नवऱ्याला मारले तर तो छोटा राजद्रोह. खुनाला फाशी, आणि या छोट्या राजद्रोहाबद्दल बाईला जिवंत जाळण्याची शिक्षा. ही जाळण्याची शिक्षा १७९० साली बंद झाली, आणि छोटा राजद्रोह हा वेगळा गुन्हा १८२८ साली पुसला गेला. लग्न झाले की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. जमिनीचा कारभारही त्याच्याच हाती जाई. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर पुरतेपणी मालमत्ता ठेवण्याचा हक्क इंग्लंडात १८८२ साली मिळाला. पेट्रुचिओची ती यादी नुसती थट्टा नव्हती. कायद्याच्या पुस्तकातही जवळपास तेच होते.

आणि राजेही हीच भाषा बोलत. १६०४ साली जेम्स राजाने पार्लमेंटपुढे सांगितले की मी नवरा आहे आणि हे सारे बेट माझी लग्नाची बायको आहे. म्हणजे घरात नवरा राजा, आणि देशात राजा नवरा! त्याच सुमारास, १६०० सालच्या अखेरच्या दिवशी, ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली होती. गादीवर तेव्हा एलिझाबेथ राणी होती. पण गादीवर बाई बसली म्हणून चुलीपुढच्या बाईचे दिवस पालटतात असे नाही. हे आपल्यालाही पुढे व्हिक्टोरियाच्या राज्यात दिसले. ते थोड्या वेळाने सांगतो.

परक्या मुलखावर सत्ता आणि बाईवर सत्ता या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या असतील, तर शेक्सपिअरचे 'टेंपेस्ट' पाहावे. हे १६११ सालचे. मराठीत नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८७५ साली त्याचे भाषांतर केले. प्रॉस्पेरो नावाचा पदच्युत सरदार एका बेटावर येतो आणि तिथल्या कॅलिबनला गुलाम करतो. कॅलिबन म्हणतो, हे बेट माझ्या आईचे, सिकोरॅक्सचे. ते माझ्याकडे आले आणि तुम्ही ते घेतले. ही सिकोरॅक्स कोण? अल्जिअर्सहून आलेली बाई. नाटक सुरू होण्याआधीच ती मेलेली आहे. तिच्याविषयी आपण जे ऐकतो ते बहुतेक सारे प्रॉस्पेरोच्या तोंडून ऐकतो, आणि तो तिला चेटकीण म्हणतो. जिचे बेट गेले तिला नाटकात एक वाक्यसुद्धा नाही. आणि प्रॉस्पेरोची स्वतःची मुलगी मिरांडा? तिचे लग्न नेपल्सच्या राजपुत्राशी होते. तिचे त्याच्यावर प्रेम बसते हे खरे, पण त्या लग्नाने बापाचे गेलेले राज्यही पक्के होते. परकी बाई चेटकीण ठरते, आपल्या घरची मुलगी सोयरिकीच्या कामी येते. कोणाला काय म्हणायचे, हे ठरवणारा एकच.

आता तुम्ही विचाराल, त्या काळी याला कोणी उत्तर दिले नाही का? दिले, आणि तेही नाटकानेच दिले. जॉन फ्लेचर हा शेक्सपिअरच्याच मंडळीसाठी लिहिणारा, वयाने धाकटा नाटककार. त्याने १६११ च्या सुमारास 'द टेमर टेम्ड' नावाचे नाटक लिहिले. माणसाळवणाराच माणसाळला, अशी ती गोष्ट आहे. पेट्रुचिओची पहिली बायको मेली आहे आणि तो मारिया नावाच्या मुलीशी दुसरे लग्न करतो. ही मारिया लग्नाच्या रात्री माडीवर जाऊन आतून अडसर घालते. गावातल्या बायका तिच्या मदतीला येतात, शिधा-सामान घेऊन वर बसतात आणि अटी कबूल केल्याशिवाय खाली उतरत नाहीत. पेट्रुचिओ आजारी पडल्याचे सोंग करतो, शेवटी मेल्याचेही सोंग करतो, पण मारिया बधत नाही. अखेरीस तो शरण येतो. नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना सांगितले आहे की कोणी कोणावर वरचढ व्हावे म्हणून हा खेळ नाही. दोघांनी बरोबरीने राहावे, एकमेकांवर माया करावी, हे शिकवण्यासाठी आहे.

१६३३ च्या ऑक्टोबरात या नाटकाचा प्रयोग सरकारी नाट्यपरीक्षकाने अडवला. त्यात आक्षेपार्ह मजकूर आहे असे त्याचे म्हणणे. मग कापाकापी झाली आणि नोव्हेंबरात राजा-राणीपुढे दोन्ही नाटके दोन दिवसांच्या अंतराने झाली. शेक्सपिअरचे आवडले, अशी नोंद त्या परीक्षकाने केली आहे. फ्लेचरचे फार आवडले, अशीही त्याचीच नोंद आहे.

आता आपल्या देशी येऊ. आपल्याकडे इंग्रज आले ते नुसती तोफ घेऊन आले नाहीत. त्यांनी शाळा काढल्या, कॉलेजे काढली, आणि त्यांत शेक्सपिअर शिकवला. शिकलेल्या मराठी माणसाला तो आवडला. आवडण्यासारखा तो आहेच. १८६७ साली महादेव गोविंद कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणला. १८८३ साली गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट' आणला, 'विकारविलसित' या नावाने. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले. या नाटकात नवरा एका रुमालाच्या संशयावरून निष्पाप बायकोचा जीव घेतो. आणि १८९१ साली 'त्राटिका'.

मला शेक्सपिअरला दोष द्यायचा नाही. तो मोठा कवी. कॅथरिनाचे ते शेवटचे भाषण खरे की उपरोधाचे, यावर त्याच्या देशातही वाद आहेत, आणि कित्येक नट्या ते असे म्हणतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. मला प्रश्न पडतो तो आपल्याविषयी. सुताराच्या पेटीतून आपण कोणते हत्यार उचलतो यावरून आपण काय करायला निघालो ते कळते. इंग्रजांच्या पेटीत पेट्रुचिओ होता, तशी मारियाही होती. आपल्याकडे गाजला तो पेट्रुचिओ. कारण तो आपल्या ओळखीचा होता. त्याला प्रतापराव म्हटले की झाले, अंगरखा बदलला की तो आपल्याच आळीतला.

पण त्या वर्षांत महाराष्ट्रात आणखी एक खेळ चालू होता, आणि तो नाटकघरात नव्हता.

मुंबईला रखमाबाई नावाची एक मुलगी होती. जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या तरुणाशी झाले. ती नांदायला गेली नाही. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून ती शिकली. वाचून-लिहून शहाणी झाल्यावर तिने सांगितले की ज्या लग्नाला माझी संमती नव्हती, ज्या वेळी मला समजही नव्हती, ते मी मानत नाही. १८८४ साली दादाजीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला: बायको माझ्या ताब्यात द्या.

हा दावा कोणत्या शास्त्रातला होता? न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली निकाल देताना हेच सांगितले. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इकडे आलेला आहे. आणि मनाविरुद्ध या मुलीला अशा माणसाच्या घरी पाठवणे क्रूरपणाचे होईल. त्यांनी दावा फेटाळला. त्यावर केवढा गहजब! सरकार आमच्या धर्मात हात घालते, अशी ओरड झाली. लोकमान्य टिळक स्वराज्यासाठी पुढे तुरुंगात गेले, पण या प्रकरणात त्यांची पत्रे रखमाबाईच्या विरुद्ध उभी राहिली. दादाजीने अपील केले. १८८६ साली वरच्या न्यायाधीशांनी पिन्हेंचा निकाल फिरवला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: एका महिन्यात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा.

आता गंमत पाहा, म्हणजे हसू न येणारी गंमत. ज्या इंग्लंडातून हा दावा इकडे आला, त्या इंग्लंडाने १८८४ सालीच अशा प्रकरणातला तुरुंग रद्द केला होता. तिथल्या बाईला जी सुटका मिळाली ती इथल्या बाईला नव्हती. आणि १८८७ हे वर्ष व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव साजरा होण्याचे वर्ष. गादीवर बाई होती, पण कोर्टाचा हुकूम मुलीला सांगत होता की नवरा नाहीतर तुरुंग.

मघाशी मी म्हटले, घरात नवरा राजा आणि देशात राजा नवरा. नाटकातली ती गोष्ट इथे खरी झाली. एरवी सरकार आणि आमचे पुढारी यांचे एका गोष्टीवर जमत नव्हते. इथे जमले. इंग्रजांचा जुना कायदा आणि आमची जुनी रूढी यांनी मिळून एका बावीस वर्षांच्या मुलीला कोंडीत धरले. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांनी नेमके हेच ओळखले. हिंदी पुरुषांनी बंड करू नये आणि आपला व्यापार चालत राहावा, म्हणून इंग्रज सरकार असहाय बायकांविरुद्ध पुरुषांची बाजू घेते, असे त्यांनी लिहून ठेवले.

रखमाबाई काय म्हणाली? तुरुंगात जाईन, पण जाणार नाही. एवढेच ती म्हणून राहिली नाही. १८८५ सालीच तिने 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहून बालविवाहाने मुलींचे शिक्षण कसे तुटते ते मांडले होते. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची बजावणी सोडून दिली. रखमाबाई १८८९ साली विलायतेस गेली, डॉक्टर होऊन परत आली, आणि सुरत व राजकोट इथे तिने कितीतरी वर्षे बायकांची सेवा केली. १९५५ साली ती वारली. तेव्हा ती नव्वदीत होती.

या मुलीला त्या काळच्या लोकांनी किती नावे ठेवली असतील याची कल्पना करा. आणि मग लक्षात घ्या, तिचे प्रकरण संपून तीनच वर्षे झाली होती तेव्हा 'त्राटिका' रंगभूमीवर आले. त्याच १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणारा कायदा. दहावरून बारा! तेवढ्यावरही पुण्यात रणे माजली. शिकलेल्या, नाही म्हणणाऱ्या मुलीची धास्ती त्या वेळी घराघरात होती. नाटककाराच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. पण त्या धास्तीच्या दिवसांत बायकोला वठणीवर आणणारा प्रतापराव पाहून प्रेक्षकाला किती बरे वाटले असेल, हे समजायला फार विद्वत्ता नको.

सरकारला या नाटकाचे काही वाटले नाही. सरकारला भीती वाटली ती दुसऱ्या नाटकाची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली आले. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर वाईट नजर ठेवणारा कीचक आणि त्याला मारणारा भीम. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षकाने कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि द्रौपदीत हिंदमाता. सरकारनेही तेच पाहिले आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. खाडिलकरांचे धैर्य मोठे, यात शंका नाही. पण एक गोष्ट आपण ध्यानात ठेवू. कीचकाने द्रौपदीला हात लावला तर तो देशाचा अपमान होता. प्रतापरावाने त्राटिकेला उपाशी ठेवले तर तो विनोद होता. सरकारला कीचक खटकला, प्रतापराव खटकला नाही. आणि खरे सांगायचे तर प्रतापराव आपल्यालाही खटकला नाही.

बायका मात्र गप्प नव्हत्या. आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, बुलढाण्याला, ताराबाई शिंदे राहत. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून साऱ्या बाईजातीला शिव्या पडू लागल्या. ते वाचून ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. जे दोष बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल. त्या काळच्या नाटका-पुस्तकांत बायका कशा रंगवतात, यावरही त्यांनी कोरडे ओढले. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनी पुस्तक विसरून टाकले. हिराबाई पेडणेकर या आपल्या पहिल्या स्त्री-नाटककारांपैकी एक. त्यांचे 'संगीत दामिनी' १९१२ चे. आणि ज्या देवलांनी 'झुंझारराव' मराठीत आणले, त्याच देवलांनी १८९९ साली 'संगीत शारदा' लिहून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख सगळ्या महाराष्ट्राला दाखवले. म्हणजे नाटक हे हत्यार दोन्हीकडे चालते. ते वेसण घालू शकते, आणि वेसण कापूही शकते.

रंगभूमीवर मात्र कितीतरी वर्षे त्राटिका पुरुष, शारदा पुरुष आणि द्रौपदीही पुरुष. इंग्लंडातही १६६० पर्यंत तसेच होते. कॅथरिना मुलगाच होई. आपल्याकडे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी कामे केली, तेव्हा घरंदाज स्त्रीने पुरुषांबरोबर रंगभूमीवर यावे ही गोष्ट हळूहळू रुजू लागली. बाईचे दुःख बाईच्या तोंडून यायला एवढा काळ लागला.

कोणी म्हणेल, हे सारे मुंबई-पुण्याचे. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत. मुंबईच्या हायकोर्टाचा हुकूम इथे कुठे चालत होता? खरे आहे. हुकूम चालत नव्हता, पण शब्द चालत होता. शब्दाला सरहद्द नसते, आणि त्याच्यावर अपीलही होत नाही. आणि कायद्याचे म्हणाल तर रखमाबाईला दाखवलेला तुरुंग १९२३ साली कायद्यातून गेला. पण तो दावा गेला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या नवव्या कलमात तो आजही आहे. आता तो नवऱ्याला तसा बायकोलाही लावता येतो, आणि हुकूम मोडला तर तुरुंगाऐवजी मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. इंग्लंडाने मात्र १९७० साली हा दावाच बंद केला.

आता पिंगळीच्या पारावर परत येऊ. पिंगळीपासून गंगाखेड फार लांब नाही. ते जनाबाईचे गाव. नामदेवांच्या घरची दासी म्हणवणारी ही बाई सातशे वर्षांपूर्वी आपल्याच गोदाकाठी जन्मली. दळण-कांडण करता करता ती देवाशी मोकळेपणाने बोलली, भांडली, हक्काने रागावलीसुद्धा. तिला आपण संत म्हणतो. पण आज घरातली सून तशाच मोकळेपणाने नवऱ्याशी बोलली, तर तिला आपण काय म्हणतो?

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या हाती एक गोष्ट आहे. शाळेच्या संमेलनात नाटुकले बसवता तेव्हा जरा पाहा. तोंडाळ बायको आणि तिला गप्प करणारा नवरा, हा विनोद आपण मुलांकडून किती वेळा करून घेतो? एकदा असे करा. पेट्रुचिओची गोष्ट वर्गात सांगा. मुलींना विचारा, कॅथरिनाने सूर्याला चंद्र का म्हटले? मुलग्यांनाही तेच विचारा. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. त्यानंतर मारियाची गोष्ट सांगा. मुले स्वतःच पुढचे बोलतील, तुम्हाला फारसे सांगावे लागणार नाही.

आणि गावकरी मंडळी, तुम्हाला एकच विनंती. रामायणातल्या ताटकेला रामाने मारले. घरातली त्राटिका मात्र आपणच घडवलेली आहे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी "काय त्राटिका आहे हो!" म्हणाले, तर हसण्याआधी एवढेच विचारा की तिने विचारले तरी काय होते? बहुतेक वेळा उत्तर साधेच निघेल. तिने पट्टीच्या पैशांचा हिशेब विचारला असेल. मुलीचे लग्न एवढ्यात नको, तिला अजून शिकू द्या, असे म्हटले असेल. नाहीतर भर दुपारी सूर्याला सूर्य म्हटले असेल.